कबुतरांच्या स्वाधीन केलेला ड्रायव्हर

आमच्या कॉम्प्युटरची वाचा गेली ती जावईबापूंच्या सद्भावनेमुळे. माझा अनुभव असा, की घरातली मोठी नुकसानं सद्भावनेनंच होतात. वाईट हेतूनं आलेला माणूस फार तर एखादी कुंडी फोडून जातो. मदत करायला आलेला माणूस बाह्या सरसावून बसतो.

लेक आणि जावईबापू दोन दिवस राहायला आले होते. जावयाला रिकामं बसू देऊ नये, हे एवढी वर्षं सासू असून माझ्या लक्षात राहिलं नाही. दुपारी ते माझ्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. मी विणलेलं त्याचं झाकण त्यांनी दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं आणि डॉक्टर रोग्याच्या नातेवाइकांशी बोलतात त्या सुरात म्हणाले, "आई, हे फार जुनं आहे हो."

"मीसुद्धा," मी म्हटलं.

"तसं नाही. आतली विंडोज जुनी आहे. मी जरा बरी टाकून देतो. तासाभराचं काम."

ते तासाभराचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. रात्रीच्या गाडीनं दोघं परत गेली. सकाळी मी आंघोळ उरकून, चष्मा पुसून कॉम्प्युटरसमोर बसले, कानाला हेडफोन लावला, पाय पेडलवर ठेवला आणि दाबला. पडद्यावरचा काटा पुढे सरकू लागला. आवाज नाही. हेडफोन काढून स्पीकरवर लावून पाहिलं. आवाज नाही. खालच्या कोपऱ्यात एक चिमुकला कर्णा असतो, त्याच्यावर लाल फुली होती. न्यायालयातल्या कागदात मयत पक्षकाराच्या नावावर असायची, तशी.

न्यायालयाचं नाव निघालंच आहे तर सांगते. मी आयुष्यभर न्यायालयात लघुलेखिका होते. साहेब बोलायचे, मी लिहून घ्यायचे, मग टाइपरायटरवर उतरवायचे. ओळ संपत आली की टाइपरायटर एक छोटीशी घंटी वाजवायचा. इतकं सौजन्य आता कुठल्याच यंत्रात उरलेलं नाही. मी ज्यांच्याकडे सर्वांत जास्त वर्षं काम केलं, ते न्यायाधीशसाहेब निवृत्तीनंतर आत्मचरित्र सांगू लागले तेव्हा त्यांनी मलाच बोलावलं. ते घरी रेकॉर्डरमध्ये बोलतात, त्यांचा पुतण्या ते एका पेन ड्राइव्हच्या काडीत भरून आणून देतो आणि मी टाइप करते.

साहेबांचं बोलणं घेणं येरागबाळ्याचं काम नव्हे. ते वाक्य सुरू करतात, मध्येच त्यांना दुसरं वाक्य आठवतं, पहिलं तसंच दारात उभं राहतं. मग खोकतात आणि म्हणतात, "बाई, खोडा." हे "बाई, खोडा" मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की कुणी मला झोपेतून उठवून तेवढं म्हटलं तर माझा हात आपोआप रेघ मारील. आणि रेघच मारायची बरं का. घरातलं खोडणं वेगळं, न्यायालयातलं वेगळं. घरात माणूस गिरगटून टाकतो. न्यायालयात एकच सरळ आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी साहेबांची आद्याक्षरं हवीत. माणूस काय बोलला हेही कळायला हवं आणि ते त्यानं मागे घेतलं हेही. पुस्तकासाठी मात्र मी निमूटपणे शब्दच काढून टाकत असे. छापणाऱ्यांना रेघांचं महत्त्व कळत नाही.

"मग मोबाईलवर ऐकून टाइप करा ना," असं मला जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं. त्यांना पेडल माहीत नाही. शिवणयंत्राच्या पायट्यासारखं असतं ते. मध्ये दाबलं की साहेब बोलतात, पाय उचलला की गप्प बसतात, डावीकडे दाबलं की मागे जाऊन तेच पुन्हा सांगतात. साहेबांना गप्प बसवण्याची सोय मला नोकरीत कधी मिळाली नव्हती. मोबाईलवर ऐकायचं तर दर वाक्याला हात उचलायचा, म्हणजे दर मिनिटाला दाराची बेल वाजावी आणि आपण उठावं तसं. आणि हे पेडल जुन्या साउंड कार्डाच्या पाठीमागे एक रुंद खाच असते तिथेच बसतं. नव्या कॉम्प्युटरांना ती खाच नसते. म्हणून माझा कॉम्प्युटर जुना. हे जावईबापूंनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

आणि वेळही कसली साधली! साहेबांचं शेवटचं प्रकरण नुकतंच हाती आलं होतं. मी बिचकत फोन केला. म्हटलं, "साहेब, थोडी अडचण आहे. चार दिवस जास्त मिळाले तर..."

"बाई, सोमवारी प्रेसला जायचंय. वाढदिवसाला पुस्तक हातात हवं. तुम्हाला जमत नसेल तर पुतण्याचं यंत्र आहे. तारीख मिळणार नाही."

हयातभर तारखा वाटलेल्या माणसानं मला एक तारीख देऊ नये!

पुतण्याचं यंत्र म्हणजे त्याचा मोबाईल. त्यात आवाज सोडला की आपोआप टाइप होतं म्हणे. नमुना म्हणून त्यानं मला एक पान आणून दाखवलं होतं. पानभर "बाई खोडा बाई खोडा" असं उमटलेलं. खोडायचं काहीच खोडलेलं नव्हतं. साहेबांचा खोकला एखाद्या परदेशी गावाच्या नावासारखा दिसत होता. "थोडं करेक्शन लागेल, मावशी," पुतण्या म्हणाला होता. साहेबांच्या साऱ्या आयुष्याचा शेवट त्या यंत्राच्या तोंडून व्हायचा आणि करेक्शन कोणी करायचं, तर मी! जिच्या उताऱ्यात वरच्या न्यायालयाला कधी स्वल्पविराम बदलावा लागला नाही, तिनं आता मोबाईलच्या मागे खराटा घेऊन फिरायचं. मी मनाशी म्हटलं, सोमवारच्या आत या कॉम्प्युटरला बोलतं करीन, नाही तर पेडल आणि हेडफोन माळ्यावर टाकीन आणि पुन्हा कळफलकाला हात लावणार नाही.

जावईबापूंना फोन लावला. त्यांनी मला कुठे कुठे क्लिक करायला लावलं. एका यादीत साउंड कार्डाच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह दिसलं.

"ड्रायव्हर गेलाय, आई."

"कुठे?"

"म्हणजे नवी विंडोज टाकताना पुसला गेला. ड्रायव्हर म्हणजे काय, की विंडोजची भाषा वेगळी, कार्डाची वेगळी. मध्ये एक दुभाषी लागतो."

हे मला चटकन पटलं. दुभाषी रजेवर असला की साक्षीदार पिंजऱ्यात तोंड उघडतो, मिटतो आणि कोणालाच काही कळत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

"कॉम्प्युटर घेताना एक सीडी आली असेल बघा. तिच्यात तो असतो. ती शोधा. आणि आई, मला वाईट वाटतंय हो."

"वाटू दे," मी म्हटलं. जावई झाला म्हणून किती जपायचं?

तोवर बातमी जिन्यातून वरखाली फिरली होती. आधी खालच्या मजल्यावरचे कॅशियर आले. बँकेतून निवृत्त होऊनही ते प्रत्येक गोष्टीकडे जाळीच्या पलीकडून पाहिल्यासारखे पाहतात. त्यांनी स्पीकरची चकती पूर्ण उजवीकडे फिरवली, कान लावला आणि म्हणाले, "आवाज वाढवलाय मी. असाच राहू द्या." मग समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर आले. त्यांनी पडद्यावरची एक पट्टी टोकापर्यंत वर ओढली. त्यांच्या बायकोनं आत आणखी एक पट्टी शोधून काढली, तीही वर गेली. ज्यानं त्यानं यावं, काहीतरी वाढवावं, मान हलवावी आणि जावं. आजारी माणसाच्या उशाशी जो तो एक पुडी ठेवून जातो, तसं चाललं होतं. या पुड्यांचा परिणाम पुढे एकदमच व्हायचा होता.

कॅशियर दुपारी पुन्हा आले. "वहिनी, सीडी कशाला? इंटरनेटवर सगळं फुकट मिळतं." त्यांनी एक पान उघडलं. त्यावर हिरवी बटणंच बटणं होती आणि प्रत्येक बटण म्हणत होतं, की खरं बटण मीच. कॅशियरांनी कुणालाही नाराज केलं नाही. परिणामी माझ्या कॉम्प्युटरवर कुठल्याशा थंड शहराचं हवामान दिसू लागलं, एक मांजर पडद्याच्या तळाशी येरझाऱ्या घालू लागलं, आणि सुरुवातीचं पान आपोआप बदलून मला वजन कमी करण्याचे सल्ले देऊ लागलं. ड्रायव्हर काही आला नाही.

"मांजर छान आहे पण," कॅशियर उठता उठता म्हणाले.

मग आमचे हे कॉम्प्युटरची पेटी उचलून दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले, मीही मागे गेले. दुकानदारानं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "अरे, सगळे बाहेर या! पटकन या!" तीन-चार जण आले. एकानं फोटो काढला. माझ्या साउंड कार्डाकडे ते असे बघत होते, की मला वाटलं, आता कुणीतरी त्याला नमस्कार करणार.

"काकू, ही कंपनी केव्हाच बंद झाली. हे काढून टाका. नवं छोटं कार्ड लावून देतो."

"त्याला पेडलची खाच असेल?"

"कसलं पेडल?"

आम्ही पेटी उचलून घरी आलो.

राहिली ती सीडी. हे म्हणाले, "त्यात काय काळजी? सगळ्या सीड्या मी जपून ठेवल्या आहेत." आमच्या घरात ह्यांनी जपून ठेवलेली वस्तू आणि हरवलेली वस्तू यांत एवढाच फरक असतो, की हरवलेली कधीकधी सापडते. ह्यांनी कपाटावरचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. उघडला. रिकामा. हे त्या रिकाम्या डब्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "कबुतरं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमचे हे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून इमारतीचे सचिव आहेत. मध्यंतरी गॅलऱ्यांतून कबुतरांचा फार उच्छाद झाला होता. चकचकीत सीडी दोऱ्याला टांगली की ती वाऱ्यानं फिरते, चमकते आणि कबुतरं बिचकतात, असं ह्यांनी कुठेतरी वाचलं आणि परिपत्रक काढून घरोघर एकेक सीडी वाटली; ज्यांच्याकडे स्वतःची होती त्यांनी ती टांगली. कबुतरं गेली. ह्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत यशस्वी काम ते. सीड्या कुठून आल्या, हे तेव्हा मी विचारलं नव्हतं. समाजकार्य करणाऱ्या नवऱ्याला बायका फार प्रश्न विचारत नाहीत. तो तेवढा वेळ घराबाहेर असतो.

"मग जा आणि आणा," मी म्हटलं.

"तसं नाही करता येत." ह्यांचा चेहरा खात्यातला झाला. "सचिवांच्या लेखी परवानगीशिवाय कुणीही चकती काढू नये, असा ठराव आहे."

"सचिव कोण?"

"मी."

"ठराव कुणी लिहिला?"

"तेही मीच. पण म्हणून काय मीच तो मोडायचा?"

आणि खरोखर, खोटं वाटेल, ह्यांनी जेवणाच्या टेबलाशी बसून सचिवांना अर्ज लिहिला. मग उठून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, चष्मा बदलला आणि तो वाचला. बराच वेळ वाचला.

"काय झालं?"

"अपूर्ण आहे. घरमालकांची संमती जोडलेली नाही."

मी त्या क्षणी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तेवढं मात्र मी घरातल्या पद्धतीनं खोडते. पण अर्ज मंजूर झाला.

हे पिशवी घेऊन मजल्यामजल्यानं फिरले आणि एक सोडून सगळ्या गॅलऱ्यांतल्या सीड्या उतरवून आणल्या. सीड्यांवरची नावं उन्हानं पार उडाली होती. सगळ्या सारख्याच पांढऱ्या, सगळ्यांच्या भोकात दोऱ्याची गाठ. म्हणजे एकेक पुसायची, आत घालायची आणि वाट बघायची. एकीत मुलांची बाराखडी निघाली. एकीत कुठल्याशा पंपाची माहिती, ती मात्र ह्यांनी शेवटपर्यंत पाहिली. एकीत चक्क लग्न निघालं. आम्ही डोळे बारीक करून पाहतो तो काय, नवरदेव म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर! डोक्यावर दाट केस. मी त्यांच्या बायकोला हाक मारली. ती धावत आली आणि पडद्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"ही सीडी मी किती वर्षं शोधतेय! ह्यांनी तर मला सांगितलं, घर बदलताना हरवली म्हणून."

डॉक्टरही येऊन मागे उभे राहिले होते. "हरवलीच होती," ते म्हणाले.

"आपल्याच गॅलरीत टांगलेली होती!"

"हो, पण पाठमोरी."

मग चौघांनी बसून ते लग्न पाहिलं. आवाज नव्हता. मांजर खालून येरझाऱ्या घालत होतं. नवरीकडचे कुणी काका हातवारे करून भांडत होते, पण काय ते ऐकू येत नसल्यामुळे भांडण फार गोड वाटलं. लग्नाच्या सीड्या बिनआवाजाच्याच काढाव्यात, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

ड्रायव्हर मात्र कशातच नव्हता. एकच गॅलरी राहिली होती, वरच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंची. त्यांनी ह्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. मी स्वतः गेले.

"चकती मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या गॅलरीत एक पीस पडत नाही. तुमच्या घरचा आवाज गेला म्हणून मी माझं घर कबुतरांना द्यायचं?"

"बदली काहीतरी देते, बाई. याहून चकचकीत."

"आधी आणा. मग बघू. वाऱ्यावर फिरलं पाहिजे."

मी घरी आले आणि भिंतीकडे पाहिलं. तिथे ह्यांना निवृत्तीच्या वेळी मिळालेलं सन्मानचिन्ह होतं. पितळी, गोल, मध्ये नळ कोरलेला, मी दर महिन्याला पुसते म्हणून आरशासारखं लखलखणारं. ह्यांनी माझी नजर ओळखली.

"अगं, नाही हं."

मी नुसती पेडलकडे पाहत उभी राहिले.

"तीस वर्षं पाणी दिलं मी या गावाला," हे म्हणाले. पण म्हणता म्हणता स्टुलावर चढले आणि स्वतःच ते खिळ्यावरून उतरवलं. वर जाऊन स्वतःच दोऱ्याला बांधलं, नळाची बाजू बाहेर येईल असं. मुख्याध्यापिकाबाईंनी फुंकर मारून ते फिरतं का पाहिलं आणि सीडी माझ्या हातात ठेवली. जिना उतरताना हे एवढंच म्हणाले, "तुझं ते साहेबांचं प्रकरण चांगलं असलं म्हणजे मिळवली."

सीडी तीच होती. कडेला पुसट अक्षरांत कार्डाचं नाव वाचता येत होतं. पण एवढ्या वर्षांच्या धुळीनं तिच्यावर ओरखड्यांचं जाळं धरलं होतं. कॉम्प्युटरनं तिला आत घेतलं, घरघर केली आणि बाहेर ढकललं. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. तेव्हा दातांच्या डॉक्टरांना विचारावं लागलं.

"टूथपेस्ट लावा," ते म्हणाले.

"काहीतरीच!"

"खरंच. ओरखडे भरतात. पण गोल गोल घासायचं नाही. आतून बाहेर, सरळ. हिरडीकडून दाताच्या टोकाकडे. सगळे गोल घासतात आणि मग माझ्याकडे येतात."

त्यांनी स्वतः घासून दिली. बायको म्हणाली, लग्नात सुद्धा एवढं लक्ष देऊन त्यांनी काही केलं नव्हतं, आता पुरावाही आहे.

इकडे हे व्हायच्या आत तिकडे कबुतरं परत आली होती. उतरवलेल्या सीड्या ह्यांनी लगेच टांगल्या नव्हत्या. आता उतरवल्याच आहेत तर पुसून, नंबर टाकून लावू, म्हणून त्या आमच्या टेबलावर रांगेत पडल्या होत्या. कबुतरांना नंबरांशी काही देणंघेणं नव्हतं. कुणाच्या वाळत घातलेल्या चादरीवर, कुणाच्या सायकलच्या सीटवर, जिथे तिथे त्यांनी आपली हजेरी लावली. रविवारी सकाळी खाली अंगणात सभा बोलावण्यात आली. विषय एकच, सचिवांचा राजीनामा. पुढाकार कॅशियरांचा. माझ्या घरी मांजर सोडून जाणारा माणूस तो!

हे इस्त्रीचा शर्ट घालून खाली गेले. जाताना म्हणाले, "तू तुझं बघ." भिंतीवर सन्मानचिन्हाच्या जागी गोल पांढरा डाग होता. पण सोमवार दुसऱ्या दिवशी उभा होता. मी सीडी आत घातली.

कॉम्प्युटरनं घरघर केली. थांबला. आणि पडद्यावर चौकट आली. पण चौकटीत आनंदाची बातमी नव्हती, ताकीद होती. हा ड्रायव्हर तपासलेला नाही, तो टाकल्यास यंत्र आत्ता किंवा पुढे कधीही बिघडू शकतं, पुढे जाऊ नये अशी आमची जोरदार शिफारस आहे. खाली दोन बटणं. एक थांबा, आणि दुसरं, तरीही पुढे जा.

आयुष्यभर मी हरकती लिहून घेतल्या. कुणाची हरकत डावलून पुढे जाण्याचा अधिकार मला कधी नव्हता. तो साहेबांना असायचा. ते चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "हरकत फेटाळली." मी आजूबाजूला पाहिलं. घरात कुणी नव्हतं. मी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं, मोठ्यानं म्हटलं, "हरकत फेटाळली," आणि बटण दाबलं.

कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. कोपऱ्यातल्या कर्ण्यावरची लाल फुली गेली होती. माझा पाय पेडलवर गेला. हेडफोन लावायचा राहिला आणि वर केलेल्या त्या सगळ्या पट्ट्या मी पार विसरून गेले होते.

साहेबांनी शेवटच्या प्रकरणाची सुरुवात एका जुन्या खटल्यानं केली होती. सगळ्या शेजाऱ्यांनी आपापली भर घालून वाढवलेला तो आवाज उघड्या खिडकीतून आकाशवाणीसारखा अंगणात कोसळला:

"आरोपीनं उभं राहावं! जे केलं ते आपल्या तोंडानं सांगावं! खरं बोलणाऱ्याला हे न्यायालय समजून घेईल!"

गॅलऱ्यांतली सगळी कबुतरं एकदम उडाली.

मी घाबरून पाय उचलला आणि खिडकीशी धावले. खाली माणसं माना वर करून बघत होती. मुख्याध्यापिकाबाई दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट धरून बसल्या होत्या. आणि आमचे हे उभे राहिले होते.

"सीड्या मी काढल्या," हे म्हणाले. खालचं बोलणं वर स्वच्छ ऐकू येत होतं. "ठराव माझाच होता आणि वाकवलाही मीच. बायकोचं काम अडलं होतं. चूक झाली."

ह्यांनी चूक कबूल केल्याचं त्या इमारतीत कुणी ऐकलं नव्हतं. मीही नाही, आणि माझा तर ह्यांच्याशी इमारतीपेक्षा जुना परिचय आहे. डॉक्टरांची बायको उठून म्हणाली, "माझी लग्नाची सीडी यांच्यामुळे सापडली. राजीनामा वगैरे काही नको." मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "त्यांनी स्वतःचं सन्मानचिन्ह माझ्या गॅलरीत टांगलंय. कॅशियर, तुम्ही काय टांगलंत?" कॅशियर म्हणाले, त्यांचा मुद्दा फक्त चादरीपुरता होता.

सभा संपली. मी सगळ्या पट्ट्या खाली ओढल्या, हेडफोन लावला आणि कामाला बसले.

किती दिवसांनी ते सुख मिळालं! हात कळफलकावर, पाय पेडलवर, कानात साहेब. ते अडखळत होते, मागे जात होते, खोकत होते, "बाई, खोडा" म्हणत होते आणि मी काढून टाकत होते. संध्याकाळ होत आली तेव्हा प्रकरण संपत आलं. साहेब थांबले. मला वाटलं, झालं. मी पाय उचलणार तेवढ्यात ते पुन्हा बोलू लागले.

"आणि एक. मी आयुष्यभर अर्धी वाक्यं बोललो. उरलेली अर्धी कोण पूर्ण करत होतं, हे कुणाला माहीत नाही. माझे निकाल वर टिकले ते थोडे कायद्यामुळे आणि पुष्कळसे बाईंच्या पूर्णविरामांमुळे." मग बराच वेळ नुसती खरखर. मग खोकला. "बाई, हे खोडा."

एवढ्या वर्षांत साहेबांनी मला "ठीक" याच्यापुढे काही म्हटलं नव्हतं. मी पेडल डावीकडे दाबलं. ऐकलं. पुन्हा डावीकडे दाबलं.

स्वयंपाकघरातून ह्यांनी डोकावून पाहिलं. "मघापासून तेच तेच काय वाजवतेयस? काटा पुन्हा पुन्हा तिथेच येतोय. बिघडलं का परत?"

"हो," मी म्हटलं, "जरा अडकतंय."

साहेबांनी खोडा म्हटलं आणि मी खोडलं नाही, असं आजवर झालेलं नाही. याही वेळी झालं नाही. मी ते शब्द टाइप केले आणि त्यांच्यावर एक रेघ मारली. एकच, सरळ, आडवी. सोमवारी प्रेसला फाइल पाठवली. प्रेसवाल्यांचा फोन आला, शेवटच्या पानावर चुकून रेघ पडली आहे का? मी म्हटलं, नाही, मूळ प्रतीबरहुकूम छापा.

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी साहेबांचा फोन आला.

"बाई, शेवटच्या पानावर खोडलेला मजकूर दिसतो आहे."

"हो साहेब. आपण खोडा म्हणालात. खोडला आहे. खालचं वाचता येतं. नियमाप्रमाणे."

पलीकडे पुष्कळ वेळ काहीच नाही. मला वाटलं, त्यांच्याही यंत्राचा ड्रायव्हर गेला.

"मग नियम अर्धाच पाळलात," साहेब म्हणाले. "आद्याक्षरं कुठे आहेत?"

"ती आपण करायची असतात, साहेब."

त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुतण्या माझी प्रत घेऊन आला तो वैतागलेलाच होता. म्हणाला, "मावशी, काकांना तुम्हीच काहीतरी सांगा. सकाळपासून पेन घेऊन बसलेत. पुस्तकांचा गठ्ठा सोडलाय आणि एकेका प्रतीचं शेवटचं पान उघडून त्या रेघेशेजारी सही करतायत. हात दुखतोय म्हणतात, पण सही केल्याशिवाय एकही प्रत घराबाहेर जाऊ देत नाहीत."

मी माझी प्रत उघडून पाहिली. आद्याक्षरं थोडी थरथरली आहेत. रेघ मात्र सरळ आहे. ती माझी आहे.